मिस्टरांची सही

मुंबईत गर्भपातासाठी प्रसूतिगृहात गेलेल्या बाईला काउंटरवर अजूनही हा प्रश्न ऐकावा लागतो : "मिस्टर आलेत का? त्यांची सही लागेल." मिस्टर कामावर असतील, गावी असतील किंवा नसतीलच, तर पुढच्या आठवड्यात या.

कायद्याला ही सही लागत नाही. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली जे संमतीपत्र भरतात त्याला 'फॉर्म सी' म्हणतात. बाई सज्ञान असेल आणि मानसिक आजारी नसेल, तर त्यावर तिची एकटीची सही पुरते. तरीही नवऱ्याची सही मागितली जाते. उद्या नवरा येऊन दवाखान्यात तमाशा करेल, ही भीती त्यामागे आहेच. पण नुसत्या भीतीने सवय इतकी मुरत नाही. बाईच्या पोटाचा निर्णय तिच्याखेरीज कुणीतरी घ्यायचा, हा रिवाज या शहरात कोर्टकचेऱ्यांइतकाच जुना आहे.

१८८४ साली दादाजी भिकाजी मुंबई उच्च न्यायालयात गेले. अकराव्या वर्षी लग्न झालेली आपली बायको, रखमाबाई, नांदायला येत नाही म्हणून. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५मध्ये दावा फेटाळला. अपील झालं, प्रकरण फिरलं आणि १८८७मध्ये निकाल आला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, असं रखमाबाईंनी कळवलं. शेवटी १८८८मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. 'केसरी' तेव्हा त्यांच्या विरोधात होता. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यालाही त्याचा विरोध होता. त्या कायद्याने मुलीचं शरीरसंबंधाला संमतीचं वय वाढवून किती केलं? दहाचं बारा.

गर्भपात तोवर गुन्हा ठरलेला होता. १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३१२ पोट पाडणाऱ्याला शिक्षा देई, आणि त्या बाईने स्वतःच पाडलं तर तिलाही. याचा फास कुणाच्या गळ्याला बसत होता, ते जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं त्यावरून समजतं. केशवपन केलेल्या विधवांना दिवस जात, आणि त्याला जबाबदार पुरुष बहुधा घरातलाच असे.

मुंबईने या गोष्टीला पहिल्यांदा शास्त्राच्या भाषेत तोंड फोडलं ते गिरगावात. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं त्याच वर्षी. मिशनऱ्यांच्या कॉलेजला ते मानवणारं नव्हतं. प्रचार किंवा नोकरी यातलं एक निवडायची वेळ आली तेव्हा कर्व्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३मध्ये मरेपर्यंत, पदरमोड करत, चालवलं. पत्नी मालतीबाईंचे कष्ट त्यात धरले नाहीत तर हिशेब अपुरा राहील.

कर्व्यांचं वेगळेपण इथे नीट पाहायला हवं, कारण पुढे ते पुसलं गेलं. लोकसंख्या वाढते म्हणून मुलं कमी, एवढाच त्यांचा मुद्दा नव्हता. बाईला शरीर आहे, इच्छा आहे, आणि मूल नको असताना ते तिच्यावर लादणं अन्याय आहे, असं ते म्हणत. वाचक खासगी प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं छापत. त्यावरूनच अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध तेवढ्या खटल्यापुरता नव्हता. गिरणगावातल्या बायका बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत गिरणीत उभ्या असत. त्यांना पगारी रजा देणारं विधेयक मुंबई कायदेमंडळात आलं तेव्हा १९२८मध्ये त्यांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशात असा पहिलाच. १९३८मध्ये संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात, असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला. बाबासाहेबांचं त्यावरचं भाषण रोहम यांनी वाचून दाखवलं. बाळंतकळा पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कुणी तयार झाला नसता, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. ठराव पडला.

स्वातंत्र्यानंतर वारं फिरलं. १९५२मध्ये भारताने कुटुंबनियोजन सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारलं. त्याच वर्षी मुंबईत जागतिक परिषद भरली आणि कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय संघटना तिथेच स्थापन झाली. कर्व्यांना ज्यासाठी दंड झाला होता ते आता भिंतीभिंतीवर लाल त्रिकोणात रंगवलं जात होतं. पण मजकूर बदलला होता. बाईच्या इच्छेच्या जागी देशाची लोकसंख्या आली होती. साठीच्या दशकात महापालिकेने रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं उघडली : लोकलमधून उतरा, शस्त्रक्रिया करून घ्या, घरी जा. आणीबाणीत, १९७६मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच.

गर्भपाताचा कायदा याच वाऱ्यात जन्मला. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४मध्ये समिती नेमली गेली. सुईणी, काड्या, जडीबुटी यांनी बायका मरतात हे तिने मांडलं, १९७१मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२पासून लागू झाला. जगातल्या कित्येक पुढारलेल्या देशांच्या आधी आपण हे केलं, असा अभिमान आपल्याकडे असतो. अभिमान ठीक आहे, पण कलम ३ एकदा वाचावं. बाईला हक्क आहे, असं ते म्हणत नाही. अमुक अटी पाळून गर्भपात करणारा नोंदणीकृत डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, असं म्हणतं. मूळ गुन्हा तसाच राहिला, डॉक्टरला त्यातून वाट मिळाली. बाराव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत लागे, विसाव्यापर्यंत दोघांचं. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं कारण चाले, पण ते 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यासाठी. काउंटरवरचे मिस्टर कायद्यात शिरले ते या दारातून.

मग आली गर्भजल परीक्षा. १९८६मध्ये मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली तेव्हा त्यातले बेचाळीस जण गर्भलिंग पाहण्यासाठी ही तपासणी करत असल्याचं निघालं. त्याच वर्षी ६ ऑगस्टला परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून देशातलं शास्त्रीय नोंद असलेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. ती मुलगी होती. शहर एकच होतं. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी लिंगनिदानाविरुद्ध मंच उभा केला, रस्त्यावर उतरल्या, आणि १९८८मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला बंदी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, अंमल १९९६पासून. तो कागदावरच राहतोय म्हणून 'सेहत' ही मुंबईची संस्था, पुण्याची 'मासूम' आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३मध्ये कायदा कडक झाला. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली २००१मध्ये ९१३ होत्या, त्या २०११मध्ये ८९४ झाल्या.

या लढ्याने एक शब्द रूढ केला : 'स्त्रीभ्रूणहत्या'. पोस्टरवर तो परिणामकारक होता. पण 'हत्या' एकदा जिभेवर बसली की ती फक्त लिंगनिदानापुरती थांबत नाही. चौथ्या महिन्यात गर्भपातासाठी आलेल्या प्रत्येक बाईकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं, चौकशी नको म्हणून डॉक्टर केस नाकारू लागले. चळवळीतल्या अनेक जणी म्हणूनच आज 'गर्भलिंगनिवड' म्हणतात. माझ्या मते हा शब्द बदलणं कायद्याच्या एखाद्या दुरुस्तीइतकंच मोलाचं होतं, फक्त वीस वर्षं उशिरा झालं.

वीस आठवड्यांची मर्यादा मुळात अडचणीची होती, कारण गर्भातली व्यंगं दाखवणारी सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्यातच होते. २००८मध्ये मुंबईतलं एक दाम्पत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष होता आणि मर्यादा उलटली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली. काही दिवसांनी त्या बाईचा गर्भपात आपोआप झाला. कायदा बदलायला पुढे तेरा वर्षं लागली.

मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयाचाच सूर बदलला. २०१६मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या गरोदर कैद्याचा प्रश्न समोर आला. मूल ठेवायचं की नाही हा निर्णय त्या बाईचाच, ती तुरुंगात असली तरी, असं न्यायमूर्ती ताहिलरामानी आणि भाटकर यांच्या खंडपीठाने सांगितलं. २०२१च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली, आणि 'पती'च्या जागी 'जोडीदार' लिहिलं. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही तोच चोवीस आठवड्यांचा लाभ दिला.

चोवीसनंतर मात्र मेडिकल बोर्ड. गर्भात मोठं व्यंग असेल तरच ते परवानगी देऊ शकतं. बाईचा जीव वाचवण्याचा प्रश्न नसेल, तर बाकीच्यांना थेट कोर्ट. जानेवारी २०२३मध्ये बत्तीस आठवडे झालेल्या एका बाईला बोर्डाने नकार दिला होता. निवडीचा हक्क तिचा आहे, बोर्डाचा नाही, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने तिला परवानगी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका विवाहितेला सव्वीस आठवड्यांच्या पुढे नाही म्हटलं. गर्भ निरोगी होता.

१ जुलै २०२४ला भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. कलम ३१२ आता कलम ८८ झालं आहे. स्वतःच पोट पाडणारी बाई त्यात अजून गुन्हेगार आहे.