आपल्याच पलटणीतल्या माणसावर बंदूक

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात पळून जाणे, भेकडपणा, एवढेच काय, पहाऱ्यावर झोप लागणे यालाही मृत्युदंड होऊ शकत असे. ८ सप्टेंबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये थॉमस हायगेट या १९ वर्षांच्या सैनिकाला गोळ्या घातल्या गेल्या. कोर्ट मार्शल दोनच दिवसांपूर्वी झाले होते. त्या युद्धात तीन हजारांहून अधिक जणांना ही शिक्षा सुनावली गेली. बहुतेकांची शिक्षा कमी झाली, पण सुमारे ३५० जण मारले गेले.

त्यांना मारले कोणी, हे फारसे कुणी विचारत नाही. पुष्कळदा त्यांच्याच पलटणीतल्या जवानांनी. कालपर्यंत एकाच खंदकात चिखल तुडवलेली ही माणसे. पहाटे आरोपीला खांबाला बांधत, डोळ्यांवर पट्टी आणि छातीवर, हृदयाच्या जागी, पांढऱ्या कापडाचा तुकडा लावत. नेम त्या तुकड्यावर धरायचा. नकार देण्याची सोय नव्हती, कारण युद्धभूमीवर हुकूम धुडकावणे हाही मृत्युदंडाचाच गुन्हा.

एका बंदुकीत बिनगोळीचे काडतूस ठेवण्याची रीत होती. आपल्या गोळीने तो मेला नसेल, असे प्रत्येकाला मनाशी म्हणता यावे म्हणून. पण मुरलेल्या सैनिकाला बंदुकीच्या धक्क्यावरूनच फरक कळे. सैन्याने ही पळवाट ठेवली, यातच मला कबुली दिसते: या कामाने माणूस आतून मोडतो, हे वरिष्ठांना पक्के ठाऊक होते. कित्येकांचे हात थरथरत, काही मुद्दाम नेम चुकवत. मग जखमी माणसाला संपवायचे काम पथकाच्या अधिकाऱ्यावर येई, तेही रिव्हॉल्व्हरने, अगदी जवळून.

१९३० मध्ये ब्रिटिश संसदेने पळपुटेपणा आणि भेकडपणासाठीचा मृत्युदंड रद्द केला. हॅरी फार नावाचा सैनिक १९१६ मध्ये असाच गोळ्या घालून मारला गेला. त्याआधी तोफांच्या माऱ्याने मन ढासळल्यामुळे तो अनेक महिने रुग्णालयात होता. त्याच्यासारख्यांच्या कुटुंबीयांनी दीर्घ लढा दिला, तेव्हा कुठे २००६ च्या कायद्याने ३०६ जणांना माफी मिळाली. १९११ च्या भारतीय सैन्य कायद्याखाली याच गुन्ह्यांसाठी मारले गेलेले जवानही त्या तरतुदीत येतात. मात्र मूळ दोषसिद्धी २००६ च्या कायद्याने रद्द केलेली नाही, आणि ज्यांना चाप ओढायला लावला, त्यांच्याविषयी त्या कलमात एक शब्दही नाही.