प्रकाशप्रणाली २ मधील इलेक्ट्रॉन संक्रमण

हरितलवकातील थायलाकॉइड पटलात रुतलेले प्रथिनसंकुल म्हणजे प्रकाशप्रणाली २. पाण्यातून इलेक्ट्रॉन काढून ते प्लास्टोक्विनोन या पटलात फिरणाऱ्या वाहक रेणूला देणे हे तिचे काम. नावात दोन असले तरी वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉनचा प्रवास येथूनच सुरू होतो. पुढे सायटोक्रोम बी-६-एफ, प्लास्टोसायनिन आणि प्रकाशप्रणाली १ असे टप्पे घेत तो फेरेडॉक्सिन व एनएडीपीपर्यंत जातो.

६८० नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये सुमारे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. ती पी-६८० या हरितद्रव्याच्या केंद्रात पोहोचली, की काही पिकोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जांशाचा हजारावा भाग म्हणजे पिकोसेकंद) इलेक्ट्रॉन फिओफायटिनवर, म्हणजे मॅग्नेशियम नसलेल्या हरितद्रव्यावर जातो. (पाठ्यपुस्तकांत तो थेट पी-६८० मधून सुटल्याचे दाखवतात. प्रत्यक्षात तो बहुधा संकुलाच्या गाभ्यातील डी-१ व डी-२ या जोडप्रथिनांपैकी डी-१ च्या बाजूच्या शेजारील हरितद्रव्य रेणूवरून सुटतो आणि धनभार नंतर पी-६८० वर स्थिरावतो.) तेथून साधारण २०० पिकोसेकंदांत तो डी-२ प्रथिनात घट्ट बसलेल्या क्यू-ए या क्विनोनवर येतो. एवढी घाई नसती तर इलेक्ट्रॉन मागे फिरून धनभाराला मिळाला असता आणि ऊर्जा वाया गेली असती. या सुरक्षिततेची किंमतही मोजावी लागते: क्यू-ए येईपर्यंत सुमारे अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्ची पडतो.

क्यू-ए एका वेळी एकच इलेक्ट्रॉन धरतो. त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेणारा पुढचा प्लास्टोक्विनोन म्हणजे क्यू-बी; त्याला दोन लागतात. पहिला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर क्यू-बी डी-१ मधील आपल्या खाचेत अडकून राहतो. दुसरा आला, की स्ट्रोमाकडून (पटलाबाहेरील हरितलवकाच्या द्रवातून) दोन प्रोटॉन घेऊन तो प्लास्टोक्विनॉल बनतो, खाच सोडतो आणि त्याच्या जागी नवा प्लास्टोक्विनोन येतो. क्यू-ए ते क्यू-बी या टप्प्याला काही शे मायक्रोसेकंद लागतात. प्लास्टोक्विनॉलचे सायटोक्रोम संकुलात होणारे ऑक्सिडीभवन याहून कितीतरी सावकाश, मिलिसेकंदांत होते. भर उन्हात साखळी तुंबते ती येथेच.

इलेक्ट्रॉन गमावलेल्या पी-६८० चे विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद, सुमारे +१.२ व्होल्ट असते. सजीवांत आढळणाऱ्या सर्वांत प्रबळ ऑक्सिडीकारकांत त्याची गणना होते. तो टायरोसीन-झेड या अमिनो आम्लाकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि टायरोसीन चार मँगनीज व एक कॅल्शियम अणू असलेल्या पुंजाकडून. चार इलेक्ट्रॉन गेले, की दोन पाण्याच्या रेणूंतून ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. पिएर जोलिओ यांनी १९६९ मध्ये अंधारात ठेवलेल्या नमुन्यांवर लखलखाटांची मालिका सोडली, तेव्हा ऑक्सिजनचे पहिले शिखर तिसऱ्या लखलखाटाला दिसले, नंतर दर चौथ्याला. पहिले तिसऱ्यालाच का? कारण अंधारात पुंज शून्यावर नव्हे, बहुतांशी एक पायरी पुढच्या, म्हणजे एक इलेक्ट्रॉन आधीच गमावलेल्या, अवस्थेत स्थिरावतो.

मका, ज्वारी, ऊस यांत वापरले जाणारे ॲट्राझीन हे तणनाशक क्यू-बीच्याच खाचेत बसते, डायुरॉनही तसेच. मग क्यू-एवरील इलेक्ट्रॉनला वाट उरत नाही. तण उपासमारीने मरते असा समज असतो, पण खरा घाव दुसरा आहे: अडकलेल्या ऊर्जेतून त्रिक अवस्थेतील (दीर्घकाळ उत्तेजित राहणारे) हरितद्रव्य आणि त्यातून सिंग्लेट ऑक्सिजन हा अतिक्रियाशील ऑक्सिजन तयार होतो व तो पटलातील मेद जाळतो. म्हणून लक्षणे उन्हात लवकर दिसतात. मका आणि ज्वारी ॲट्राझीनला ग्लुटाथायोन हा पेशीतील छोटा रेणू जोडून ते निष्प्रभ करतात. अनेक प्रतिकारक्षम तणांत मात्र डी-१ मधील २६४ व्या जागेचे सेरीन हे अमिनो आम्ल बदलून ग्लायसीन झालेले असते. ॲट्राझीन मग नीट बसत नाही, पण क्यू-ए ते क्यू-बी संक्रमणही मंदावते. डी-१ चे जनुक हरितलवकात असल्याने हा गुण सहसा मादी रोपाकडून पुढे जातो.

ही कोंडी पानावर मोजता येते. क्यू-ए भरलेला असताना हरितद्रव्याची प्रतिदीप्ती (शोषलेल्या ऊर्जेतून परत बाहेर पडणारा प्रकाश) वाढते. पान २०-३० मिनिटे अंधारात ठेवून मोजल्यास निरोगी पानात परिवर्ती (कमाल व किमान यांतील फरक) व कमाल प्रतिदीप्तीचे गुणोत्तर ०.८३ च्या आसपास येते. प्रखर उन्हाने डी-१ खराब झाल्यास ते घसरते. हे प्रथिन सतत काढून नवे बसवावे लागते. दुरुस्तीचा वेग कमी पडला, तरच नुकसान साचते.