श्वासावाटे घेतलेली स्टेरॉइडे आणि अधिवृक्क ग्रंथी

दम्यासाठी इन्हेलरमधून घ्यायची बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही कॉर्टिकोस्टेरॉइडे फुप्फुसातला दाह शमवतात. त्यांचा थोडा अंश मात्र रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड संप्रेरक कमी होते. हा परिणाम मोजणारे बरेच प्रयोग दमा नसलेल्या, निरोगी स्वयंसेवकांवर झालेले आहेत.

औषध अधिवृक्क ग्रंथीला इजा करत नाही. रक्तातले स्टेरॉइड पाहून मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि पोष (पिट्युटरी) ग्रंथी कॉर्टिसॉल पुरेसे आहे असे समजतात. मग अधिवृक्काला चालना देणारे एसीटीएच हे संप्रेरक कमी पाझरते आणि ग्रंथी मंदावते.

इन्हेलरच्या मात्रेतला बराच भाग घशात अडकून गिळला जातो. फ्लुटिकासोनचा हा भाग यकृत जवळजवळ सगळा निष्प्रभ करते, एक टक्काही रक्तात पोचत नाही. ब्युडेसोनाइडचा सुमारे ११ टक्के पोचतो. फुप्फुसातून शोषलेले औषध मात्र यकृताला वळसा घालून सरळ रक्तात जाते. म्हणून चूळ भरल्याने तोंडातले औषध निघून जाते, फुप्फुसातले नाही.

निरोगी माणसाचा प्रश्न इथेच वेगळा होतो. दम्यात श्वासनलिका आकसलेल्या असतात. औषध मोठ्या नलिकांतच साचते आणि शोषले जाण्याआधी काही भाग कफाबरोबर वर येतो. मोकळ्या फुप्फुसात ते खोलवर, विस्तीर्ण पृष्ठभागावर पसरते. त्यामुळे फ्लुटिकासोनची तीच मात्रा निरोगी माणसाच्या रक्तात अधिक उतरते व कॉर्टिसॉल अधिक घटवते. हे औषध सावकाश विरघळते, म्हणून त्याच्यात हा फरक ठळक दिसतो. लवकर विरघळणाऱ्या ब्युडेसोनाइडमध्ये तो फारसा नसतो. स्वयंसेवकांवरचे आकडे जसेच्या तसे रुग्णांना लावणे म्हणूनच चूक आहे, विशेषतः दोन औषधांची तुलना करताना.

मोजमापही जपून वाचावे लागते. कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते, तेव्हा सकाळच्या एकाच नमुन्यापेक्षा २४ तासांचे रक्तनमुने किंवा लघवीतील कॉर्टिसॉल सौम्य घटही दाखवते. ग्रंथीची राखीव क्षमता पाहायला कृत्रिम एसीटीएच टोचून प्रतिसाद तपासतात. २४ तासांच्या मोजणीत घट दिसूनही ही एसीटीएच चाचणी अगदी व्यवस्थित येऊ शकते.

परिणाम मात्रेबरोबर वाढतो. निरोगी माणसात काही दिवसांच्या वापरानंतर औषध थांबले की कॉर्टिसॉल पूर्ववत होते. दीर्घकाळ मोठी मात्रा घेणाऱ्या रुग्णाची ग्रंथी सावरायला आठवडे-महिने लागू शकतात. अशा रुग्णाने इन्हेलर स्वतःहून एकाएकी बंद करू नये. फ्लुटिकासोनसोबत रिटोनाविर हे एचआयव्हीवरचे औषध घेतल्यास यकृतातले विघटन अडते आणि मध्यम मात्राही अधिवृक्काला दाबून टाकू शकते.