पाण्याकाठचे बांधकाम : ठेकेदाराला केव्हा बोलवावे

पानशेत, पवना किंवा मुळशीच्या जलाशयाकाठी ज्यांची जागा आहे, अशा ग्राहकांचे बहुतेक फोन आम्हा ठेकेदारांना मे महिन्यात येतात, कारण पाणी उतरून काठ उघडा पडलेला तेव्हाच नजरेत भरतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो : संरक्षक भिंतीचा रनिंग फुटाचा दर काय?

काम उघड्या काठावरच करायचे असते हे खरे, परंतु मोजणी, परवानगी आणि नकाशा तोवर हातात असावा लागतो. मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 10 दिवस पाणी मारावे लागते, त्याची ताकद 28 दिवसांनी तपासतात, त्याआधी खोदकाम, नंतर भराव, आणि जूनमध्ये पाऊस दारात. म्हणून मेमध्ये आलेले नवे काम आम्ही पुढच्या हंगामासाठी घेतो. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. पण दिवाळीनंतर बोलावणाऱ्यांची कामे त्याच उन्हाळ्यात उरकतात.

फोनवर दर न देण्यामागेही कारण आहे. काठावरची भिंत पाणी चढताना सहसा टिकते. ते झपाट्याने उतरले की समोरचा आधार जातो, मागची भिजलेली माती मात्र तशीच जड राहते आणि भिंत पुढे कलते. त्यासाठी भिंतीत निचऱ्याची भोके, त्यांच्यामागे खडीचा थर आणि माती वाहून जाऊ नये म्हणून जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, लागते. स्वस्त दरपत्रकातून नेमके हेच गळालेले असते. तेव्हा कोणत्याही ठेकेदाराला, अर्थात आम्हालाही, तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : पाया कोणत्या थरापर्यंत जाणार, भोकांमागे काय भरणार, आणि पाणी उपसण्याचा खर्च कोणाकडे. 'साइटवर बघू' हे उत्तर पुरेसे नाही.

काठापर्यंतची जमीन आपलीच असते असे नाही. धरणासाठी संपादित केलेली जमीन धरणाच्या मालकाची, म्हणजे पानशेतला जलसंपदा विभागाची, तर मुळशीला टाटा पॉवरची असते. नदीकाठी निळ्या पूररेषेच्या (साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणाऱ्या रेषेच्या) आत बांधकामाला मनाई आहे.

पाहणीचे शुल्क आम्ही आकारतो. काम आमच्याकडे आल्यास ते बिलातून वजा होते. आम्ही पाहणीला येण्यापूर्वी सातबारा, मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) आणि मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर चढले होते त्याचे फोटो पाठवावेत.