रक्त आणि प्लास्टिक यांच्यामधला थर

परळ असो की मुलुंड, डायलिसिसचा रुग्ण साधारणपणे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडलेला असतो. मिनिटाला 250 मिलिलीटर धरलं तरी एका वेळेस 60 लिटर रक्त नळ्यांतून जातं. अंगातलं तेच पाचेक लिटर पुन्हापुन्हा. नळ्या पीव्हीसीच्या, गाळणीतले केसासारखे तंतू बहुधा पॉलीसल्फोनचे. यांना टेकून रक्त गोठू नये म्हणून रुग्णाला हेपारिन देतात, आणि ते अंगभर फिरत असल्याने रक्तस्रावाची भीतीही सोबत येते. हेच हेपारिन नळीच्या आतल्या भिंतीवर पक्कं बसवता आलं, तर रुग्णाला ते कमी द्यावं लागेल.

रक्त प्लास्टिकला लागलं की पेशींच्या आधी प्रथिनं तिथे पोहोचतात, तीही काही सेकंदांत. रक्तद्रवात अल्ब्युमिन सर्वांत जास्त, लिटरला 35 ते 50 ग्रॅम, म्हणून ते आधी चिकटतं. गुठळीचे धागे बनवणारं फायब्रिनोजेन जेमतेम 2 ते 4 ग्रॅम, पण ते अल्ब्युमिनला सारून जागा पटकावतं. या अदलाबदलीला रक्तशास्त्रज्ञ लिओ व्रोमन यांच्या नावाने व्रोमन परिणाम म्हणतात. चिकटलेल्या फायब्रिनोजेनची घडी उलगडते आणि प्लेटलेट्सना धरायला जागा मिळते. प्लेटलेट चपटी होते, तिला पाय फुटतात, ती आणखी प्लेटलेट्सना बोलावते. पुढची सगळी गुठळी या पातळ थरावर उभी राहते. पृष्ठभाग बदलायचा तो हा थर ताब्यात ठेवण्यासाठी.

एक उपाय आपल्या स्वयंपाकघरात रोज होतो. दूध तापवण्याआधी पातेल्यात पाणी फिरवून घेतात, म्हणजे दूध तळाला कमी लागतं. तसंच पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरच्या साखळ्या पृष्ठभागावर दाट उभ्या केल्या की त्या पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनाला भिंतीपर्यंत पोहोचू देत नाहीत. साखळ्या विरळ पडल्या तर मधल्या फटींतून प्रथिनं शिरतात. शिवाय या साखळ्या हळूहळू ऑक्सिडीकरणाने तुटतात, त्यामुळे महिनोन्‌महिने शरीरात राहणाऱ्या वस्तूसाठी एवढ्यावर विसंबणं धोक्याचं.

हेपारिनचं काम जास्त नाजूक आहे. पॉलियुरेथेन या मऊ प्लास्टिकचा तुकडा घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून तो ऑक्सिजन प्लाझ्मात, म्हणजे विजेने भारलेल्या विरळ ऑक्सिजन वायूत ठेवायचा: दाब 0.2 ते 0.5 मिलिबार, 50 वॅट, एक-दोन मिनिटं. जास्त वेळ ठेवल्याने फायदा होत नाही. वरच्या साखळ्यांचे तुकडे पडतात आणि पुढच्या धुण्यात निघून जातात. आधी फुगून बसणारा पाण्याचा थेंब आता पसरतो. संपर्ककोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, सुमारे 80 अंशांवरून चाळिशीच्या खाली येतो. पण मऊ प्लास्टिकच्या साखळ्या काही तासांतच आत वळू लागतात आणि थेंब पुन्हा फुगतो. म्हणून पुढची पायरी त्याच दिवशी करायची: तुकडा पॉलिएथिलीनइमाइनच्या पातळ द्रावणात बुडवून पृष्ठभागावर अमाइन गट, म्हणजे हेपारिन बांधायला नायट्रोजनचे आकडे, आणायचे.

आता हेपारिन कसं जोडायचं? कार्बोडायइमाइड हे जोडणारं रसायन वापरणं सोपं, पण त्यात साखळी कुठेही आणि अनेक ठिकाणी पकडली जाते. हेपारिन अँटिथ्रॉम्बिनला, म्हणजे गोठणं रोखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाला, धरतं ते पाच शर्करांच्या एका ठरावीक तुकड्याने. तोच भिंतीकडे दाबला गेला तर हेपारिन भरपूर, काम शून्य. म्हणून नायट्रस आम्लाने हेपारिनच्या टोकाला अल्डिहाइड गट तयार करतात आणि सोडियम सायनोबोरोहायड्राइडने साखळी फक्त त्या टोकाशी अमाइनला बांधतात. साखळी पाण्यातल्या शेवाळासारखी मोकळी डोलत राहते. सायनोबोरोहायड्राइड आम्लात विषारी हायड्रोजन सायनाइड सोडू शकतं, तेव्हा काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात.

कार्बोडायइमाइडचाच मार्ग धरला, तर जुलैतल्या मुंबईत एक चूक हमखास होते. उणे 20 अंशांतली बाटली बाहेर काढून लगेच उघडली की दमट हवेचं पाणी पावडरीवर धरतं आणि ती निकामी होते. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये.

धुणं हा सर्वांत दुर्लक्षित भाग. नुसत्या विद्युतभाराने चिकटलेलं हेपारिन चाचणीत छान दिसतं आणि रक्तात सुटून जातं. एक मोलर मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरला 58 ग्रॅम मीठ, तुकडा पुन्हापुन्हा धुवायचा. मग टोल्युइडिन ब्लू हा रंग लावायचा: हेपारिन असेल तिथे निळा रंग जांभळा होतो. जांभळे ठिपके दिसले, सलग छटा नाही, तर प्लाझ्मा किंवा धुणं कुठेतरी असमान झालं असं समजावं.

रक्ताच्या चाचणीत फसगत आणखी सोपी. रक्तदात्याने आधीच्या दहा दिवसांत ॲस्पिरिन घेतलेलं नसावं. नमुना बर्फावर आणू नये, कारण थंडीत प्लेटलेट्स आपोआप जाग्या होतात. नमुना गोठू नये म्हणून घातलेलं 3.2 टक्के सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. कॅल्शियम चाचणीआधी परत घातलं नाही तर गोठण्याची साखळी पुढे सरकतच नाही आणि वाईट पृष्ठभागही निर्दोष ठरतो. नळीतला हवेचा बुडबुडाही प्लेटलेट्सना प्लास्टिकइतकाच परका असतो, म्हणून नळी आधी सलाइनने भरून घ्यावी. तांबड्या पेशी फुटण्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत असावं. 5 च्या वर गेलं तर तो पदार्थ रक्तासाठी बाद.

शेवटी निर्जंतुकीकरण. मुंबईत ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात 1974 पासून वैद्यकीय वस्तूंवर कोबाल्ट-60 चे गॅमा किरण सोडले जातात. नेहमीची मात्रा 25 किलोग्रे. साध्या नळ्या-सुयांना हे चालतं. हेपारिनच्या साखळ्या मात्र एवढ्या किरणांत तुटतात, म्हणून लेपित वस्तूंसाठी बहुधा इथिलीन ऑक्साइड वापरतात आणि नंतर हवा खेळवून उरलेला वायू काढून टाकतात. प्लेटलेट्सची चाचणी या सगळ्यानंतर, पाकिटातून काढलेल्या नळीवर पुन्हा करायची. आधीचे आकडे त्या नळीला लागू होत नाहीत.