कोपरा धरून ओढायची सोय वेबवर आली कशी

पेजवरचा बॉक्स कोपऱ्याला धरून ओढला की मोठा होतो, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागे कुणाची मेहनत असेल असं मनातही येत नाही. आणि यात आकार बदलणं हे अवघड काम कधी नव्हतंच, विड्थचा, म्हणजे रुंदीचा, आकडा बदलला की झालं. अवघड होती ती पकड, म्हणजे माउसचं बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत ती ओढ नक्की कुणाच्या ताब्यात राहणार हे ठरवणं, आणि वेबला त्याचं धड उत्तर मिळायला जवळपास वीस वर्षं गेली.

मूळ कल्पना वेबच्या आधीची. १९८४ च्या मॅकिंटॉशवर विंडोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन असायचा, विंडो लहानमोठी करायची तर तोच धरायचा, कडा ओढून काही व्हायचं नाही. ओढताना नुसती बाहेरची रेघ सरकायची आणि बटण सोडल्यावर आतलं सगळं नव्याने दिसायचं, कारण प्रत्येक हालचालीला पूर्ण विंडो परत काढायची ताकद त्या मशीनमध्ये नव्हती.

वेबवर ही सोय पहिल्यांदा चक्क फुकटात मिळाली. १९९६ च्या नेटस्केप नेव्हिगेटर २ या ब्राउझरमध्ये फ्रेम्स आल्या, म्हणजे एकाच विंडोत वेगवेगळी पेजेस दाखवणारे कप्पे, आणि दोन फ्रेममधली पट्टी वाचणाऱ्याला ओढता यायची, जावास्क्रिप्टची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेची, एक ओळही न लिहिता. नको असेल तर 'नोरिसाइझ' लिहून बंद करायची, म्हणजे चालू असणं हेच गृहीत होतं! पुढे बुकमार्क नीट होत नाही, प्रिंट नीट निघत नाही अशा कटकटींमुळे लोकांनी फ्रेम्स सोडल्या, पेज ज्या भाषेत लिहितात तिच्या एचटीएमएल ५ या आवृत्तीने तर त्या बादच केल्या, पण त्यांच्याबरोबर ती तयार पट्टीही गेली याची मला आजही हळहळ वाटते.

मग सगळं हाताने लिहायचे दिवस आले. हँडलवर, म्हणजे धरायच्या जागेवर, माउसडाउन, माउसमूव्ह, माउसअप (बटण दाबलं, माउस हलला, बटण सोडलं हे कळवणारे ब्राउझरचे निरोप, म्हणजेच इव्हेंट) लावायचं, दिसायला सोपं, पण हँडल असतं पाच-सहा पिक्सेलचं आणि हात जरा जोरात फिरला की माउस त्याच्याबाहेर, मूव्हचे इव्हेंट बंद, बॉक्स अर्ध्यातच अडकलेला. म्हणून दाबायचं हँडलवर पण मूव्ह आणि अप ऐकायचं डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पेजवर, ही युक्ती सगळ्यांनी उचलली. तीही आयफ्रेमपाशी, म्हणजे पेजच्या आत बसवलेल्या दुसऱ्या पेजपाशी, हरायची. डावीकडे यादी, उजवीकडे नकाशाचा आयफ्रेम आणि मधली रेघ उजवीकडे ओढायची असं एक पेज मी केलं होतं, माउस नकाशावर गेला की इव्हेंट आयफ्रेमच्या आत जायचे, बटण सोडलेलं बाहेरच्या पेजला कळायचंच नाही आणि परत आल्यावर रेघ बटण न दाबताच माउसला चिकटून फिरायची. उपाय काय, तर ओढणं चालू असेपर्यंत वर एक पारदर्शक डिव्ह, म्हणजे रिकामा बॉक्स, पसरायचा.

दुसरा घोळ मापाचा. समजा विड्थ २००, दोन्ही बाजूंना १० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि १ पिक्सेल बॉर्डर, तर ऑफसेटविड्थ, म्हणजे हे सगळं धरून मोजलेली रुंदी, सांगते २२२, तोच आकडा परत विड्थमध्ये घातला की धरल्या धरल्या बॉक्स २२ पिक्सेलने टुणकन वाढतो. बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स केलं, म्हणजे विड्थमध्येच पॅडिंग-बॉर्डर धरायला सांगितलं, की हे थांबतं, पण ते कळेपर्यंत लोकांच्या रात्री गेल्यात.

सप्टेंबर २००७ मध्ये जेक्वेरी यूआय ही जावास्क्रिप्टच्या तयार कोडची लायब्ररी आली आणि त्यातल्या 'रिसायझेबल'ने हे सगळं एका ओळीत आणून ठेवलं. आठही दिशांची हँडल्स, कमीतकमी-जास्तीतजास्त माप, उंची-रुंदीचं प्रमाण कायम ठेवायची सोय, आणि हवं तर ओढताना फक्त रेघ दाखवून शेवटी आकार बदलायचा, म्हणजे जुन्या मॅकचीच पद्धत पण आता जड पेजसाठी. माझ्या मते सामान्य वेब डेव्हलपरच्या हातात ही गोष्ट खरी आली ती तेव्हाच.

ब्राउझरही हळूहळू हलले. सफारी ३ ने टेक्स्टएरियाचा, म्हणजे मजकूर लिहायच्या चौकटीचा, कोपरा ओढू दिला, २०११ मध्ये फायरफॉक्स ४ नेही दिला, आणि सीएसएस या पेजचं रूप ठरवणाऱ्या भाषेतलं 'रिसाइझ' इतर बॉक्सलाही लागू झालं, फक्त ओव्हरफ्लो (बॉक्समध्ये न मावणाऱ्या मजकुराचं काय करायचं ते) 'व्हिजिबल' असेल तर ते चालत नाही, आणि नेमकं इथेच नवीन माणूस फसतो. त्यातही कोपऱ्याची जागा ब्राउझरच ठरवतो आणि मधली रेघ काही मिळत नाही.

पकडीचा प्रश्न मात्र सुटला तो पॉइंटर इव्हेंट्समुळे. इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पकड ताब्यात ठेवणारं 'सेटकॅप्चर' होतं, पण ते सगळीकडे नव्हतं. २०१५ मध्ये पॉइंटर इव्हेंट्स वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं अधिकृत मानक झालं, त्यातल्या 'सेटपॉइंटरकॅप्चर'ने हँडल सांगू शकतं की बटण सुटेपर्यंत सगळे इव्हेंट माझ्याकडेच पाठवा, मग ते बोट असो, पेन असो की माउस. सफारीमध्ये ते आलं २०१९ ला, १३ व्या आवृत्तीत, आणि तेव्हा कुठे जुने जुगाड काढून टाकायची हिंमत झाली. बोटासाठी हँडलवर 'टच-अ‍ॅक्शन: नन' लावावं लागतं, नाहीतर ब्राउझर त्याला स्क्रोल समजून ओढ मधेच तोडतो.

ज्यांना ओढणं जमतच नाही त्यांचा विचार मानकात यायला ऑक्टोबर २०२३ उजाडलं. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचं डब्ल्यूसीएजी २.२ हे मानक म्हणतं की ओढून होणारं काम न ओढता, नुसत्या क्लिक किंवा टॅपनेही झालं पाहिजे, म्हणजे रेघेशेजारी लहान-मोठं करायची दोन बटणं तरी द्या. कीबोर्डसाठी रेघेला 'सेपरेटर' रोल (ही दुभागणारी रेघ आहे असं सांगणारी खूण) देऊन ती फोकस होईल, म्हणजे कीबोर्डने निवडता येईल, अशी करायची आणि बाणांच्या कीजवर सरकवायची. पण हे सगळं अजून आपणच लिहायचंय, फ्रेम्सबरोबर गेलेली ती पट्टी एचटीएमएलमध्ये तयार टॅग म्हणून परत आलेली नाही.