जुने होम मूव्ही कॅमेरे आणि आजची फिल्म

घरगुती शूटिंगसाठी बनवलेले, खऱ्या फिल्मवर चालणारे छोटे सिने कॅमेरे म्हणजे होम मूव्ही कॅमेरे. साधारण १९२० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते भरपूर बनले, मग व्हिडिओ आला आणि ते सगळे कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसले. आता बरेच लोक ते खाली काढून परत चालवतायत, कोणी घरच्या कार्यक्रमासाठी, कोणी शॉर्टफिल्मसाठी, कोणी नुसतं फिल्मचं वेड म्हणून.

एक गैरसमज सुरुवातीलाच काढायला हवा. पिवळट रंग, उभे ओरखडे, थरथरणारं चित्र हा त्या कॅमेऱ्याचाच लुक आहे असं बहुतेकांना वाटतं, पण तसं नाहीये. रंग उडाले ते फिल्म कित्येक वर्षं डब्यात पडून राहिली म्हणून, आणि ओरखडे पाडले प्रोजेक्टरने. चांगल्या अवस्थेतल्या कॅमेऱ्यात आजची ताजी फिल्म घातली तर चित्र स्वच्छ येतं, रंग भरलेले येतात, दाणे तेवढे दिसतात कारण फ्रेम बोटाच्या नखापेक्षाही लहान असते. म्हणजे कॅमेरा जुना असला तरी फिल्म नवीन असते, आणि हा कॅमेरा ज्या फिल्मसाठी आणि ज्या सेलसाठी बनला ते दोन्ही आता मिळत नाहीत. या दोघांचा मेळ घालणं हेच आज हे कॅमेरे वापरण्यातलं मुख्य काम आहे, बाकी बटण दाबणं सोपंच आहे.

कॅमेरा कुठल्या फिल्मचा आहे हे आधी ओळखावं लागतं. १९२२ मध्ये पाथे कंपनीने ९.५ मिलिमीटर आणली, तिची फिल्म पुढे सरकवायची भोकं दोन फ्रेमच्या मधोमध असतात. १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटर आणली, पेट न घेणाऱ्या ॲसिटेटवर, त्यामुळे घरात फिल्म ठेवायची भीती गेली. १९३२ मध्ये ऐन मंदीत कोडॅकनेच ८ मिलिमीटर काढली, जिला आज स्टँडर्ड ८ किंवा डबल ८ म्हणतात. १९६५ मध्ये सुपर ८ आली आणि त्याच वर्षी फूजीची सिंगल ८. या शेवटच्या दोघींची गंमत अशी की फिल्मवरची फ्रेम आणि भोकं अगदी सारखी, प्रोजेक्टरही एकच चालतो, पण कार्ट्रिज पूर्ण वेगळं, एकीचं दुसऱ्या कॅमेऱ्यात बसत नाही. सिंगल ८ चा कॅमेरा सुपर ८ समजून विकत घेणारे बरेच असतात, म्हणून पैसे देण्याआधी दार उघडून आतला कप्पा बघाच.

डबल ८ ची युक्ती मला फार हुशारीची वाटते. रीळ असतं २५ फुटांचं पण फिल्म १६ मिलिमीटर रुंद, फक्त भोकं दुप्पट. पहिल्या खेपेला फिल्मची एकच बाजू एक्सपोज होते. मग कॅमेरा उघडायचा, भरलेलं रीळ उलटं करून परत लावायचं आणि दुसरी बाजू शूट करायची. लॅबमध्ये फिल्म धुतल्यावर मधोमध कापून दोन तुकडे जोडतात आणि ५० फूट ८ मिलिमीटर हातात येते. हे उलटणं भर उन्हात करायचं नाही, सावलीत, शक्यतो अंधाऱ्या खोलीत करायचं, कारण रिळाचे बाहेरचे वेढे उजेड खातात. जुन्या घरगुती रिळांत बरोबर मध्यावर एक पांढरा-केशरी भपका दिसतो ना, तो या उलटण्याचा. आणि रीळ उलटायचं विसरून तीच बाजू परत चालवली की लग्नाच्या जेवणावर समुद्राच्या लाटा उमटतात. आपल्या घरच्या जुन्या फिल्ममध्ये असं काही दिसलं तर कॅमेऱ्यात बिघाड शोधू नका, कोणीतरी घाईत रीळ उलटायचं विसरलेलं असतं.

सुपर ८ ने हा सगळा व्याप संपवला. प्लॅस्टिकचं कार्ट्रिज आत ढकलायचं, टक आवाज झाला की दार लावायचं, बस. भोकं लहान केल्यामुळे फ्रेमही मोठी झाली, स्टँडर्ड ८ ची साधारण ४.८ बाय ३.५ मिलिमीटर होती ती ५.८ बाय ४ झाली. कार्ट्रिजमध्ये ५० फूट म्हणजे ३६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंद, २४ ने अडीच मिनिटं. फिल्म संपली का हे बघायला कार्ट्रिज बाहेर काढून छोट्या खिडकीतली फिल्म बघायची, तिच्यावर एक्सपोज्ड असा शब्द छापलेला दिसला की संपली. एक मात्र ध्यानात ठेवा, कार्ट्रिज मधेच बाहेर काढलं की बऱ्याच कॅमेऱ्यांचा फिल्म मोजणारा मीटर शून्यावर जातो, किती शिल्लक आहे ते मग कागदावर लिहून ठेवलेलं बरं.

कॅमेरा घेताना काय बघायचं? पहिलं म्हणजे सेलचा कप्पा. सेल आत तसेच राहून गळले असतील तर पत्र्यावर हिरवी-पांढरी भुकटी दिसते. थोडी असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून हलक्या हाताने पुसली की निघते, पण आतल्या तारेपर्यंत गेली असेल तर ते साध्या माणसाचं काम नाही. मग मोटरचा आवाज ऐकायचा. रिकामा कॅमेरा छान फिरतो म्हणून खूश व्हायचं नाही, फिल्मचं ओझं आल्यावर तो कण्हतो की नाही ते महत्त्वाचं, म्हणून एखादं जुनं वापरलेलं कार्ट्रिज चाचणीसाठी जवळ असावं. भिंगात बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, दाराच्या कडेचा चिकट होऊन सुटलेला फोम, गेटमध्ये, म्हणजे भिंगामागच्या ज्या चौकटीत फिल्मवर उजेड पडतो तिथे, चिकटलेला कचरा हे सगळं टॉर्च मारून बघायचं. गेटमधला एक केस पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो, आणि तो अख्ख्या रिळात त्याच जागी दिसत राहतो!

चावीच्या कॅमेऱ्यांना सेलची कटकट नाही म्हणून नवशिक्याला मी तेच सुचवेन, बोलेक्स बी ८ सारखे किंवा सोव्हिएत बनावटीचे क्वार्त्झ वगैरे. किल्ली द्यायची, बटण दाबायचं. वेग मात्र घड्याळासारखा अचूक धरायचा नाही. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींच्या हत्येच्या वेळी अब्राहम झाप्रूडर यांनी काढलेली २६.६ सेकंदांची, ४८६ फ्रेमची फिल्म. त्यांचा बेल अँड हॉवेलचा ८ मिलिमीटर कॅमेरा चावीवर चालणारा, नेहमीचा ठरलेला वेग सेकंदाला १६ फ्रेम. पण दोन घटनांमधलं अंतर फ्रेम मोजून काढायचं म्हणून एफबीआयने तो तपासला तेव्हा सरासरी वेग १८.३ भरला. तो कॅमेरा तेव्हा जुनाही नव्हता.

आता उजेडाचं गणित, आणि खरे घोळ इथेच होतात. १९६०-७० च्या बऱ्याच कॅमेऱ्यांत लाइट मीटरसाठी वेगळा छोटा पाऱ्याचा सेल असायचा, १.३५ व्होल्टचा. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. त्याच आकाराचा आजचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, तो बसतो, काटा हलतोसुद्धा, म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण जादा व्होल्टेजमुळे मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, तो भिंगाचं छिद्र जास्त बंद करतो आणि सगळी फिल्म काळपट येते. कानाच्या मशीनचे झिंक-एअर सेल व्होल्टेजला जवळचे पडतात, फक्त त्यांचं सील काढलं की काही आठवड्यांत ते उतरतात, तेव्हा शूटच्या दिवशीच उघडायचे. सेलेनियमच्या मीटरला सेल लागतच नाही, पण तो म्हातारा होऊन कमी दाखवायला लागलेला असू शकतो. हातातला वेगळा मीटर किंवा फोनवरचं ॲप घेऊन एकदा ताडून बघणं सगळ्यात शहाणपणाचं, १८ फ्रेमला शटर साधारण सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास धरायचं.

दुसरा घोळ खाचेचा. सुपर ८ च्या कार्ट्रिजला कडेला खाच असते, ती किती वर-खाली आहे यावरून कॅमेऱ्याला फिल्मचा स्पीड, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे, ते कळतं. साध्या कॅमेऱ्यांना दोनच स्पीड माहीत, दिव्याच्या उजेडात ४० आणि १६०, कारण तेव्हा मिळायच्या त्याच फिल्म. आज मिळतात ५०, १००, २००, ५००. मग ५०० ची फिल्म कॅमेरा १६० समजून चालवतो आणि दीड स्टॉपहून जास्त उजेड आत जातो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). घाबरायचं कारण नाही, निगेटिव्ह फिल्म एवढा जादा उजेड सहज पचवते, उलट दाणे थोडे कमी दिसतात. पण रिव्हर्सल फिल्मला, म्हणजे धुतल्यावर जिच्यावर थेट सरळ रंगांचं चित्र येतं तिला, हे अजिबात चालत नाही, तिथे अर्धा-पाऊण स्टॉप चुकला तरी आकाश पांढरंफटक होतं.

तिसरा घोळ फिल्टरचा. जुन्या फिल्म दिव्याच्या पिवळ्या उजेडासाठी बनायच्या, उन्हात शूट करताना कॅमेऱ्यातला नारिंगी ८५ फिल्टर आपोआप पुढे यायचा. कॅमेऱ्यावर सूर्य आणि बल्ब अशी दोन चित्रं असलेलं बटण असतं ते याचंच. आता ५०डी सारखी उन्हासाठीच बनलेली फिल्म घातली असेल आणि कॅमेऱ्याला ते आपोआप कळत नसेल, तर भर दुपारीसुद्धा बटण बल्बवर ठेवायचं! बल्ब म्हणजे फिल्टर बाहेर. सूर्यावर ठेवलं तर सगळं चित्र नारिंगी येतं. हे कॅमेऱ्याच्या मूळ पुस्तिकेत सापडणार नाही कारण पुस्तिका लिहिली तेव्हा ही फिल्मच नव्हती.

फिल्म कुठली घ्यायची? कोडॅकच्या सुपर ८ कार्ट्रिजमध्ये व्हिजन ३ निगेटिव्ह ५०डी, २००टी आणि ५००टी अशा मिळतात (डी म्हणजे उन्हासाठी, टी म्हणजे दिव्यासाठी), रिव्हर्सलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट ट्राय-एक्स आणि २०१८ मध्ये परत आलेली रंगीत एकटाक्रोम १००डी. डबल ८ साठी फोमा कंपनीची ब्लॅक अँड व्हाइट आर १०० आहे. प्रोजेक्टरवर बघायचं असेल तर रिव्हर्सलच, कारण निगेटिव्ह पडद्यावर उलट्या रंगांची दिसणार, काळ्याचं पांढरं. स्कॅन करून बघणार असाल तर निगेटिव्ह, आणि पहिल्या रिळासाठी मी डोळे मिटून ५०डी सांगेन. फक्त फोटोचे रोल धुणाऱ्या नेहमीच्या लॅबमध्ये ही निगेटिव्ह द्यायची नाही, तिची प्रोसेस ईसीएन-२, आणि या फिल्मच्या पाठीला वर्षानुवर्षं रेमजेट नावाचा काजळीचा थर असायचा जो आधी वेगळा काढावा लागतो, नाहीतर लॅबचं सगळं केमिकल काळं होतं. जुन्या कॅमेऱ्यात अर्धवट वापरलेली कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी रंगीत फिल्म, सापडली तर तिचे रंग आता येणार नाहीत. तिची के-१४ प्रोसेस करणारी शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली ड्वेन्स फोटो, हिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं बंद केलं. ब्लॅक अँड व्हाइट म्हणून धुतली तर काही ना काही दिसू शकतं, घरच्यांचे चेहरे असतील तर तेवढंही पुष्कळ आहे.

शूट करताना सगळ्यात जास्त रिळं वाया जातात ती डायोप्टरमुळे. आयपीसची रिंग आधी आपल्या डोळ्याला जुळवायची असते, फोकस अनंतावर ठेवून लांबची वस्तू किंवा आतली खूण स्पष्ट दिसेपर्यंत फिरवायची. ती न जुळवता फोकस लावला तर डोळ्याला सगळं ठणठणीत दिसतं आणि फिल्मवर मऊ येतं. झूमवर फार जायचं नाही, हात हलतो. पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, अगदी सावकाश, १८ फ्रेमला जोरात फिरवलं की सगळं फरफटतं. एक शॉट सहा ते दहा सेकंदांचा धरला तर एका कार्ट्रिजमध्ये वीस-तीस शॉट बसतात, म्हणून काय घ्यायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि मला विचाराल तर या कॅमेऱ्यांची खरी मजा यातच आहे, माणूस बटण दाबायच्या आधी नीट बघतो.

आवाजाची सुपर ८ फिल्म १९७३ मध्ये आली होती, १९९७ मध्ये बंद झाली. साउंड कॅमेऱ्यात आजची मुकी कार्ट्रिजं चालतात, आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा, पण मोटरचा वेग थोडा इकडेतिकडे होत असल्यामुळे लांब बोलण्याचे ओठ जुळत नाहीत.

लॅबमधून स्कॅन घेताना मूळ वेग किती हे सांगायला विसरू नका, १८ चं शूट २४ ने चालवून दिलं तर सगळे घाईत असल्यासारखे चालतात, आणि लोक परत त्याला जुना लुक समजतात. विमान प्रवासात न धुतलेली फिल्म हातातल्या बॅगेत ठेवून हाताने तपासायची विनंती करायची, नवीन सीटी स्कॅनरमुळे फिल्म धुरकट होते. कॅमेरा ठेवून देताना सेल काढायचे, चावीचा असेल तर बटण दाबून स्प्रिंग पूर्ण उतरू द्यायची, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा रिकामाच थोडा चालवायचा, म्हणजे आतलं वंगण गोठत नाही.